आधी दिवस, मग हात : खान्देशात पहिल्या कम्युनिटी पोस्टिंगला निघालेल्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार) विद्यार्थ्यांसाठी

वर्गात आपण शरीराकडून कामाकडे जातो. आधी हाडं, मग स्नायू, नसा, सांधा किती अंश वळतो, पकड किती किलोची आणि सगळ्यात शेवटी 'रोजची कामं'. गावात याच्या उलट्या टोकापासून सुरुवात करावी लागते. समोरच्या माणसाचा दिवस कसा उजाडतो आणि कुठे अडतो हे आधी कळायला हवं. खांद्याचे अंश त्यानंतर मोजायचे. वर्गातलं शिक्षण त्यामुळे कमी महत्त्वाचं होत नाही, उलट त्यातला प्रत्येक धडा गावात लागतो. फक्त तो कधी काढायचा हे गावच सांगतं. मी मूळची अमळनेरकडची, शिक्षण मुंबईत झालं आणि कम्युनिटीचं काम जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या गावांत करते आहे. त्या अनुभवातून हे लिहिते आहे. पहिल्यांदाच निघालेल्यांनी हे पायरीपायरीनं वाचावं.

पायरी १ : निघण्याआधी गावाचं कॅलेंडर समजून घ्या

बॅग भरण्याआधी हे करा. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणीला वेग येतो. तेव्हा दिवसभर घरी फक्त म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असतात. ज्या सुनेला तुम्ही व्यायाम शिकवणार, ती शेतात असते. म्हणून भेट पहाटे चुली पेटतात तेव्हा किंवा दिवेलागणीनंतर ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊच नका.

धडगाव, अक्कलकुव्याकडे प्रश्न आणखी मोठा आहे. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, सोबत लेकरंही जातात. होळीच्या सुमारास, भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या) दिवसांत माणसं घराकडे परततात. सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहिलेल्या) मुलासाठी तुम्ही नोव्हेंबरात बारा आठवड्यांचा कार्यक्रम आखलात, तर त्यातले बहुतेक आठवडे ते मूल उसाच्या फडावर असेल. तिथे काय करता येईल, हे आईला निघण्यापूर्वीच शिकवायला हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, म्हणजे तुमची एखादी पेशंट अचानक दुसऱ्या गावात असते. हे आधी माहीत असलं की रजिस्टरवर 'गैरहजर' असा शेरा पडत नाही.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत काम सकाळी साडेदहाच्या आत आटपा. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला भर दुपारी व्यायाम द्यायचा नाही. थर्मोप्लास्टिकचा (गरम केलं की मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा) स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचाही, तापलेल्या पत्र्यावर किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही. तो साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ होतो आणि खान्देशातल्या उन्हात बंद डिक्की किती तापते हे आपल्याला ठाऊक आहे. वाकडा झालेला स्प्लिंट न घातलेलाच बरा. पेशंटच्या घरीही स्प्लिंट उन्हापासून आणि चुलीपासून लांब, सावलीत टांगायला सांगा.

भाषेचीही तयारी करा. जळगाव-धुळ्यात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिली. अस्खलित बोलता आलं पाहिजे असं नाही, पण "कोठे दुखस?", "बठता येस का?" एवढं तुमच्या तोंडून निघालं तरी समोरचा खुलतो. पावरी-भिलीसाठी गावातली आशाताई किंवा अंगणवाडीताई सोबत घ्या. घरातल्या शाळकरी मुलाला दुभाष्या करू नका. आजोबांच्या लघवीबद्दलचे प्रश्न नातवाच्या तोंडून विचारले की खरं उत्तर येत नाही.

बॅगेत गोनिओमीटर (सांध्याचे अंश मोजायचं साधन), मेजपट्टी, थर्मामीटर, कात्री, वेल्क्रो, क्रेप बँडेज, फोमचे तुकडे आणि सायकलची जुनी ट्यूब असू द्या. ट्यूब विसरू नका, ती का ते पुढे येईलच.

पायरी २ : आशाताईशिवाय उंबरा ओलांडू नका

प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना भेटा. पण गावात शिरताना सोबत आशाताईच हवी. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशाताई असते. कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय आणि कोणाचं पोरगं अजून मान धरत नाही, हे तिला कोणत्याही यादीपेक्षा जास्त माहीत असतं. तिच्याकडे आधीच ढीगभर कामं असतात, म्हणून तिच्या फेरीच्या वेळेत आपली फेरी बसवा. तिला वेगळा हेलपाटा पडता कामा नये.

पायरी ३ : पहिली भेट

पहिल्या भेटीत मोजमाप करायचं नाही. ओट्यावर किंवा बाजेवर बसा, दिलेलं पाणी-चहा घ्या. माणसांना त्यांच्या मानानं हाक मारा : आप्पा, नाना, जिभाऊ, माय, आक्का. 'पेशंट' हा शब्द घरात वापरू नका.

स्वतःची ओळख कामातूनच करून द्या. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली ओटीची शाळा सुरू केली. त्याला पंचाहत्तर वर्षं झाली, तरी खान्देशातल्या बहुतेक गावांत व्यवसायोपचारतज्ज्ञ कोणी पाहिलेला नसतो. लोक तुम्हाला 'मालिशवाले', 'व्यायामवाल्या मॅडम' नाहीतर 'फिजिओ' म्हणतील. त्यावर व्याख्यान देऊ नका. "जेवण, अंघोळ, शेतातलं-घरातलं काम पुन्हा स्वतःच्या हातानं करता यावं, यासाठी मी मदत करते," एवढं पुरतं.

घरात जो सगळ्यात जास्त बोलतो, तो बहुतेक वेळा सेवा करणारा नसतो. बाहेर ओसरीवर मुलगा किंवा जावई आजाराची सगळी हकिगत सांगतो. रात्री उठून कूस बदलून देणारी सून आत चुलीपाशी असते. तिच्याशी बोलणं झाल्याशिवाय भेट पूर्ण झाली असं समजू नका. मुलगे विद्यार्थी असतील तर आशाताईला मध्ये घेऊन बोला. कुटुंब आधी भगताकडे जाऊन आलं असेल तर तेही शांतपणे ऐका. नाक मुरडलंत तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाहीत आणि कुठला लेप लावला, कुठे डाग दिला हे तुम्हाला कळणारच नाही.

फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. काढला तर तो शिक्षकांना दाखवण्यापुरता, चेहरा झाकून. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर कोणाचंही दुखणं टाकायचं नाही.

पायरी ४ : दिवस विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "काय त्रास आहे?" असं विचारलं तर उत्तर येतं, "हात उचलत नही." ते खरंच असतं, पण त्यावरून कामाला कुठून लागायचं हे कळत नाही. त्याऐवजी सकाळपासून सुरुवात करा. किती वाजता जाग येते? उठून बसवतं कोण? पाणी कोण देतं? संडासला कुठे जाता, घरात की बाहेर? तिथवर पायऱ्या किती, उंबरा किती उंच? दुपारी घरात कोण असतं? आजारापूर्वी या वेळेला तुम्ही काय करत होतात? असं करत रात्रीच्या झोपेपर्यंत या. मध्येच कुठेतरी माणूस थांबतो, नजर वळवतो, नाहीतर बोलता बोलता पटकन पुढे निघतो. तिथे खूण करा.

रोजची कामं माणूस स्वतः किती करतो हे मोजणारा बार्थेल इंडेक्स आपल्या सगळ्यांना पाठ असतो : दहा बाबी, शंभरपैकी गुण. तो भराच, पण दिवस ऐकून झाल्यावर. त्यात संडासचा प्रश्न आहे, पण परसाकडे जाताना हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात काठी असेल तर काय, हा प्रश्न नाही. जिना आहे, पण धाब्याच्या घरावर वाळवण घालायला शिडीनं चढणं नाही. बैलांना चारा टाकणं नाही. कापूस वेचणं, मिरच्यांचे देठ खुडणं, शेंगा फोडणं नाही. गुण बरोबर येतील, पण तुम्ही नोंदवलेला माणूस अर्धाच असेल. म्हणून वहीत गुणांखाली चार ओळी लिहा : या घरात हा माणूस कशामुळे 'कामाचा' मानला जायचा आणि आता त्यातलं काय उरलं आहे. 'कनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर'मध्ये माणसानं स्वतः अडचणी निवडून त्यांना दहापैकी गुण द्यायचे असतात. ते गावात छान चालतं. आकडे जड जात असतील तर दहा शेंगदाणे पुढ्यात ठेवा आणि "यातले किती?" असं विचारा.

पायरी ५ : काम होताना बघा

सांगण्यात आणि करण्यात फरक असतो. शिंदखेड्याकडच्या एका आजींचं उदाहरण देते. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. चालणं बऱ्यापैकी सुधारलं होतं. उजव्या हाताची बोटं मिटायची, पण उघडायला वेळ लागायचा. वर्गातल्या क्रमानं गेलं असतं तर बोटं उघडण्याचे व्यायाम लिहून दिले असते. त्यांचा दिवस विचारला तेव्हा कळलं, की सून पहाटे स्वयंपाक करून वेचणीला जाते आणि दुपारी शाळेतून आलेल्या नातवाला गार भाकरी खावी लागते. आजींना तेवढंच सलत होतं. हाताचं नावही त्यांनी काढलं नव्हतं.

मग त्यांना चुलीपाशी बसायला सांगितलं आणि नुसतं पाहिलं. भाकरीचं काम तोडून पाहिलं तर किती निघतं बघा. पीठ घेणं, आळं करणं, पाणी बेतानं ओतणं, तळहाताच्या टाचेनं मळणं, गोळा करणं, खाली पीठ भुरभुरणं, एका हातानं थापत दुसऱ्यानं फिरवणं, दोन्ही तळव्यांवर उचलणं, तव्यावर सुरकुती न पडता टाकणं, वरून पाणी फिरवणं, उलथणं, निखाऱ्यावर फुगवणं. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ असेल तर मळायला आणखी जोर लागतो. आजी बसल्या की परात सरकायची. पाण्याचं पातेलं उजवीकडे होतं. उजवा हात मांडीवर विसरल्यासारखा पडलेला, आणि चूलही त्याच बाजूला. मनगटाच्या वर भाजल्याचा जुना डाग होता. तो कधी पडला हे त्यांना सांगता आलं नाही. म्हणजे त्या हाताला चटका कळत नव्हता. ही गोष्ट प्रश्न विचारून समजली नसती.

इथे वर्ग कामी आला. संवेदना तपासली. खांद्याचा सांधा खाली उतरलेला नाही ना, हे पाहिलं. ताठरपणा कुठल्या स्नायूत आहे ते पाहिलं. मग बदल केले. परातीखाली ओलं फडकं आणि ट्यूबचा गोल कापलेला तुकडा ठेवल्यावर परात सरकायची थांबली. बसण्याची दिशा फिरवून चूल डाव्या, चांगल्या हाताकडे आणली. मळताना उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवून दोन्ही हातांचा जोर. थापायचं डाव्यानं, उजव्या बोटांनी फक्त कड ढकलायची. तेवढं त्यांना जमत होतं आणि व्यायामही तोच. अवघड पायरी उचलण्याची होती. त्यासाठी सुती फडक्यावर भाकरी थापून फडक्यासकट तव्यावर पालथी टाकायची आणि फडकं सोडवून घ्यायचं. आकार लहान ठेवायचा. पहिल्या भाकरीचा काठ फाटला. आजींनी ती बाजूला ठेवली आणि दुसरा गोळा घेतला.

काम पाहताना मध्ये बोलू नका, हात पुढे करू नका. पडण्याचा किंवा भाजण्याचा धोका असेल तेवढ्यापुरतं थांबवा.

पायरी ६ : एकच ध्येय, घराच्या भाषेत

फाईलमध्ये लिहायची ध्येयं असतात तशी लिहा, गुण त्यावर मिळतात. पण घरात सांगायचं ध्येय एकच असावं आणि ते बोलण्यातलं असावं. "पोळ्यापर्यंत आप्पा स्वतः बैलाला झूल चढवतील," "दिवाळीआधी पोरगा बसून खाईल." तारखेऐवजी सण सांगितला की घरातले सगळे मोजत राहतात.

पायरी ७ : वस्तू गावातच घडवा

महागडं साधन शहरातून आणलं, तर त्याचा एक स्क्रू निघाला की ते माळ्यावर जातं. गावातला सुतार, वेल्डर, शिंपी, चांभार ही आपल्या कामातली माणसं आहेत. त्यांच्याशी ओळख वाढवा. विळ्याची, खुरप्याची, चमच्याची मूठ जाड करायला सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळली की पकड कमी असलेल्या हातातही अवजार टिकतं. संडासच्या भांड्यावर ठेवायला बैठकीत भोक असलेली लोखंडी खुर्ची वेल्डर करून देतो. प्लॅस्टिकची खुर्ची कापून वापरू नका. कापल्यावर ती कमजोर होते आणि पाय फाकून माणूस पडतो.

रावेर-यावलकडे केळी भरायचे पुठ्ठ्याचे खोके मिळतात. ते उघडून मैद्याच्या खळीनं थरावर थर चिकटवायचे, वर वजन ठेवायचं आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायचं. त्यातून सेरेब्रल पाल्सीच्या मुलासाठी कोपऱ्याची खुर्ची होते, पुढे छोटं टेबलही. वरून कागद लावून ऑइल पेंट द्या, नाहीतर पावसाळ्यात मऊ पडते. माप मुलाचं घ्या. बसल्यावर कंबर मागे टेकलेली, गुडघे काटकोनात, पावलं टेकलेली हवीत. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्याच भेटीत बघा : त्याला भरवतात कसं. मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून, पातळ पेज वाटीनं तोंडात ओतली जात असेल, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. वारंवार होणारा कफ आणि छातीचे आजार याच सवयीतून येत असतील. मूल ताठ बसवायचं, हनुवटी किंचित छातीकडे, चमचा समोरून आणि खालून आणायचा, आधीचा घास गिळून होईपर्यंत थांबायचं. पेज थोडी घट्ट करायची. आईनं तुमच्यासमोर पाच-सहा घास भरवून दाखवले की मगच उठायचं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील तर कडेवर घेताना पाय आपल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना फाकवून घ्यायला सांगा. आया तसंही कडेवर घेतातच. उसाच्या फडावरही हे चालू राहतं.

कडबाकुट्टीत (चारा कापायच्या यंत्रात) बोटं गेलेला तरुण तुम्हाला जवळपास प्रत्येक मोठ्या गावात भेटेल. टाके निघाले की घरच्यांना वाटतं काम संपलं, आणि हात पट्टीत जपून ठेवल्यानं उरलेली बोटं आखडतात. सर्जनच्या कागदावर काय जोडलं आहे ते वाचा. तुटलेला कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) जोडलेला असेल तर कधी, किती हालवायचं हे शिक्षकांना विचारूनच ठरवा. ॲनाटॉमीच्या तासाला हाताचे थर किती बारकाईनं पाहिले होते, ते इथे कळतं. पुढच्या टप्प्यावर कापसाच्या वाती वळणं, शेंगा फोडणं, मिरच्यांचे देठ खुडणं यांसारखे व्यायाम गावातच आहेत. मिरचीच्या कामात जखम पूर्ण भरलेली हवी आणि नंतर हात साबणानं धुवायला सांगायचं. नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर बायका तासन्‌तास हेच करतात. त्यांच्याकडून बसण्याच्या, हात बदलण्याच्या युक्त्या शिकून घ्या.

कुष्ठरोग बरा झालेल्या पण हाता-पायाला बधिरता राहिलेल्या माणसाला गरम चहाचा स्टीलचा पेला आणि चुलीवरचं भांडं हे मोठे धोके असतात. पेल्याला कापडी आवरण, भांड्याला लाकडी मूठ, आणि रोज संध्याकाळी हात-पाय उजेडात पाहण्याची सवय लावा. पायासाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळते, त्याची चौकशी आरोग्य केंद्रात करा.

नंदुरबारमध्ये सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) माहीत असल्याशिवाय काम करता येत नाही. एखादा पोरगा लंगडत असेल, जांघेत दुखतं म्हणत असेल, तर त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवा. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वेदनेचा झटका चालू असताना व्यायाम देऊ नका. एरवी पाणी सतत पिणं, थंडीत ऊब, डोक्यावर जड ओझी न वाहणं, कामात मधेमधे विसावा ही आपली शिकवण. शाळेत गुरुजींना भेटून त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यायला आणि कवायतीतून सूट द्यायला सांगा. आळशी म्हणून त्याच्यावर शिक्का बसलेला असतो, तो आधी काढा.

पायरी ८ : घरच्यांचे हात

जे शिकवाल ते करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या. एका भेटीत दोनच गोष्टी. वारं गेलेल्या माणसाला कमजोर हाताला धरून ओढून उठवायचं नाही, ही पहिली. खांदा तिथेच बिघडतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, हाडं टेकतात तिथली कातडी रोज पाहायची, ही दुसरी. उशा नसतील तर गोधडीच्या घड्या चालतात.

पायरी ९ : कागदपत्रांना कमी लेखू नका

वर्गात हा भाग एका तासात उरकतो आणि गावात निम्मा वेळ याच्यात जातो. तो जाऊ द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे. सिकलसेल आणि बरा झालेला कुष्ठरोगही त्यात आहेत, हे कित्येक घरांना ठाऊक नसतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलतींचं दार उघडतं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायचं असतं आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतं का, हे निघण्याआधी बघा. सातपुड्यातून जिल्ह्याला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं. एका अक्षरापायी परत फिरावं लागलं तर ते कुटुंब पुन्हा जाईलच असं नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्या आणि शाळांत येतं. त्याची तारीख विचारून ठेवा आणि तुमच्या यादीतलं मूल त्या दिवशी तिथे असेल असं पाहा. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) होते. शाळेत न जाणाऱ्या दिव्यांग मुलासाठी समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात, ते गट साधन केंद्रात भेटतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. उतार बांधणं, संडासात पकडदांडा बसवणं अशी कामं त्यातून मागता येतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज कुटुंबाच्या नावानं, त्यांच्याच सहीनं किंवा अंगठ्यानं करा. तुम्ही दोन महिन्यांनी जाणार आहात, ते तिथेच राहणार आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या समुदाय-आधारित पुनर्वसनाच्या मांडणीत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच खांब आहेत. परीक्षेसाठी पाठ केलेले ते पाच शब्द ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलापाशी उभं राहिल्यावर नीट समजतात.

पायरी १० : रोज संध्याकाळची वही

मुक्कामी आल्यावर जेवणाआधी वही उघडा. जेवण झालं की डोळे मिटतात. तीन गोष्टी लिहा. आज काय पाहिलं, जसंच्या तसं, निष्कर्ष न काढता. वर्गातलं काय उपयोगी पडलं किंवा काय आठवलंच नाही. उद्या कोणाला काय विचारायचं. पेशंटचं नाव लिहायचं नाही, खूण लिहायची.

दुसऱ्या गोष्टीवर जास्त भर द्या. आज एका आजोबांना डाव्या बाजूचं ताट दिसत नाही असं वाटलं, अर्धी भाजी तशीच राहते, डावीकडून बोललं तर मान वळत नाही. मग मुक्कामी पुस्तकात एका बाजूकडे होणाऱ्या दुर्लक्षाचं ('नेग्लेक्ट') प्रकरण काढून वाचा आणि सकाळी जाऊन तपासा. पुस्तक असं वाचलं की पुन्हा विसरत नाही. कॉलेजला परत गेल्यावर हीच वही घेऊन शिक्षकांकडे जा. वर्गातली ॲक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिसची (काम पायऱ्यांत तोडून पाहण्याची) उदाहरणं चहा करण्याची आणि शर्टाची बटणं लावण्याची असतात. तुम्ही भाकरीचं, नऊवारीच्या काष्ट्याचं, बैलगाडीत चढण्याचं घेऊन जा. माझ्या अनुभवात शिक्षकांना ते हवं असतं.

पायरी ११ : निघताना

शेवटच्या आठवड्यात नवीन माणूस यादीत घेऊ नका. आहेत त्यांच्या घरी जाऊन, तुम्ही कधीपासून येणार नाही हे स्पष्ट सांगा. "येईन पुन्हा" असं मोघम बोलू नका. लहान मुलं आणि एकटी म्हातारी माणसं त्यावर वाट पाहत राहतात.

प्रत्येक घरासाठी एक जाड कार्ड करा. एका बाजूला चित्रं : कसं बसवायचं, कसं भरवायचं, स्प्लिंट किती वेळ घालायचा. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात तीन-चार धोक्याच्या खुणा : कातडी लाल होऊन तशीच राहणं, हातावर सूज, जेवताना ठसका, नव्यानं वाढलेलं दुखणं. अशा वेळी कुठल्या आरोग्य केंद्रात जायचं तेही लिहा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला हे कार्ड रेशन कार्डासोबत ठेवायला सांगा, म्हणजे ते सोबत जाईल. तिथल्या डॉक्टरांना वाचता यावं म्हणून निदान आणि चालू औषधं हिंदीतही लिहा.

दुसरी प्रत आशाताईकडे आणि तिसरी पुढच्या तुकडीसाठी आपल्या विभागात द्या. पुढच्या तुकडीच्या प्रतीत घराची खूण, जायची वेळ, घरात कोणाशी बोलायचं, ठरलेलं ध्येय आणि ते कुठवर आलं हे लिहा. स्प्लिंटचे पट्टे कधी बदलायचे, खुर्ची मुलाला कधी लहान होईल याचा अंदाज, यूडीआयडीच्या अर्जाचा क्रमांक आणि ग्रामपंचायतीच्या पोचची झेरॉक्स त्यालाच जोडा. होळीनंतर परतणाऱ्या घरांची वेगळी यादी करा आणि ती आशाताईच्या रजिस्टरमध्ये टाचून ठेवा.